माठाचे श्रेय मातीला नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील माठावरच्या लेखात ‘माती मुळातच थंड, म्हणून पाणी गार’ असे ठामपणे म्हटले आहे. ते चूक आहे. तसे असते तर चिनी मातीच्या बरणीतले पाणीही गार झाले असते आणि हौसेने ऑइलपेंट फासलेला माठ निकामी ठरला नसता. काम करते ते बाष्पीभवन. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगावर येऊन हवेत उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता मुख्यतः आतल्या पाण्यातून घेते. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. म्हणजे बाहेरची उष्णता आत शिरत नाही असे धरले, तर लिटरभर पाणी दहा अंशांनी उतरवायला जेमतेम १८ ग्रॅम पुरतात.

माती उष्णता हळू वाहून नेते, हा लेखकाचा दुसरा मुद्दा. पण त्याने फार तर गार पाणी गार राहील. खोलीच्या तापमानाखाली ते उतरणार कसे? शिवाय तोच माठ नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात दात शिवशिवेल असे पाणी देतो आणि मुंबईच्या दमट हवेत जेमतेम निववतो. माती बदलत नाही, हवा बदलते. क्षारांनी छिद्रे बुजलेला जुना माठ मंदावतो, तोही याच कारणाने. तेव्हा ‘माठ बंद कपाटात ठेवा’ हा लेखातील सल्ला वाचकांनी मानू नये. तो तिवईवर, वाऱ्याच्या तोंडी ठेवावा.

आपला,
एक वाचक, नागपूर