जीर्ण तसबिरीचा जीर्णोद्धार

दीपावली आठ दिवसांवर आली म्हणजे घरोघर जळमटे निघू लागतात आणि वर्षभर ज्यांच्यासमोर उदबत्ती ओवाळली, त्या देवादिकांच्या तसबिरीही भिंतीवरून खाली उतरतात. कोणाची काच तडकलेली असते, कोणाची पट्टी वाळवीने पोखरलेली असते, कोणाचा कागद कडेने तांबूस पडलेला असतो. पूर्वी त्या दुरुस्त होऊन पुन्हा आपल्या जागी जात. आता बाजारात झगझगीत चौकटीची नवी तसबीर स्वस्तात मिळते, आणि जुनी जाते पिंपळाच्या पारावर, देवळाच्या मागील भिंतीशी, नाही तर नदीच्या पात्रात. या नव्या प्रघाताविषयी सणाच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

मूर्ती भंगली तर तिचे विसर्जन करावे, हा आपल्याकडील संकेत आहे व तो आम्हांस मान्य आहे. परंतु तसबिरीचे बहुधा भंगते काय? काच तडकते, सांधा सुटतो, पाठीमागचा पुठ्ठा कुजतो. आतील लक्ष्मी जशीच्या तशी असते. देवळाचे शिखर ढासळले म्हणून आपण देव नदीत सोडीत नाही. तेथे जीर्णोद्धार करतो. तसबिरीची चौकट म्हणजे त्या देवाचे आपल्या घरातील देऊळच नव्हे काय?

या तसबिरी आपल्या घरी कशा आल्या, हेही आठवावे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगासाठी वेगळी शिळा, आणि एकावर एक रंग चढवून सिद्ध झालेले चित्र, अशी ती रीत होती. त्या छापांमुळे लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या ओटीवर येऊन बसल्या. कित्येक घरांत तर त्या चित्रांतील वस्त्रांवर जर आणि टिकल्या लावून मगच ती मढविली गेली. अशा तसबिरीत देवाबरोबर घरातील कोणा माउलीचे हातही असतात. ती पारावर ठेवताना आपण ते हातही तेथेच सोडून येतो.

गेल्या वर्षी आजीच्या माहेराहून आलेली अशीच एक लक्ष्मी आम्ही तसबिरी मढविणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. चित्राच्या खालच्या कडेस डाग पडले होते आणि सर्वांगावर पिवळट झाक आली होती. त्यांनी पाठीमागचे खिळे एकेक करून उपसले, पुठ्ठा अलगद काढला. आत आधाराला वर्तमानपत्राची घडी निघाली. ती दाखवून ते म्हणाले, “साहेब, देवीला काही झालेले नाही. हा कागद तिला खात होता.” वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते, वर्षानुवर्षे तो चिकटून राहिला की चांगला कागदही पिवळा आणि ठिसूळ होतो. तेव्हा वाचकांनी आमचा हा अंकही कोणत्या तसबिरीमागे घालू नये! खालच्या डागांचा दोष मात्र आमचा होता. पूजेच्या वेळी आम्ही काचेवर पाणी शिंपडीत असू. ते ओघळून पट्टीच्या खाचेत मुरे आणि कागद ते शोषून घेई.

पुढे ते काम पाहताना आमचा वेळ कसा गेला, ते कळले नाही. पट्टीची टोके बरोबर ४५ अंशांत कापली, तरच चार कोपरे काटकोनात मिळतात. चौकट जोडल्यावर त्यांनी दोन्ही कर्ण दोरीने मोजले. ते सारखे भरले, तेव्हा कोठे सरस सुकू दिला. काच आणि चित्र यांच्यामध्ये त्यांनी जाड माउंट घातला. चित्र काचेस टेकले, तर पावसाळ्यातील दमटपणाने ते तिला चिकटते व बुरशी धरते, हे त्यांचे कारण. चित्र प्लायवूडवर चिकटविण्यास त्यांनी साफ नकार दिला. “उद्या कोणाला उघडावेसे वाटले तर उघडता आले पाहिजे,” एवढेच ते बोलले. शेवटी पाठीमागे खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे लहान तुकडे लावले, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही आणि मागे हवा खेळती राहते.

हा खर्च नव्या तसबिरीहून अधिक येतो, हा आक्षेप खरा आहे. ज्या घरात सणाचा किराणाच ओढाताणीने येतो, त्यांना आम्ही हा उपदेश करणार नाही. त्यांनी फुटकी काच तेवढी बदलून घ्यावी; ते काम थोडक्यात होते. परंतु रोषणाईवर आणि फराळाच्या तयार डब्यांवर मोकळ्या हाताने खर्च करणाऱ्या घरांनी देवाच्या चौकटीपुरती काटकसर आठवावी, हे आम्हांस पटत नाही. शिवाय गिऱ्हाईक येईनासे झाले की हे कारागीर दुकान बंद करतात, आणि हातची विद्या त्यांच्याबरोबरच जाते.

कागदाचाच भुगा झाला असेल, तर मात्र निरोप देणे प्राप्त आहे. तोही नीट द्यावा. काच, खिळे, लाकूड वेगळे काढावे. नमस्कार करून कागद घरच्याच बादलीतील पाण्यात भिजवावा व अंगणातील मातीत पुरावा. नदीत सोडलेली काच स्नानास उतरलेल्या कोणाच्या तरी पायात जाते, आणि पारावर ठेवलेला देव पावसात भिजत पडतो. त्यास विसर्जन म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होय. चौकट सागवानी असेल, तर तिच्यात नवे चित्र बसवावे. जुने देऊळ ओस पडू नये.

यंदा अमावास्येस लक्ष्मीपूजनाची मांडणी करण्यापूर्वी प्रत्येक घराने आपली एक तरी जुनी तसबीर उलटी करून तिची पाठ पाहावी. पुढील बाजूस आपण रोज हात जोडतो. पाठीमागे काय चालले आहे, याची चौकशीही त्या भक्तीचाच भाग आहे, अशी आमची नम्र धारणा आहे. वाचकांस दीपावली सुखाची जावो.