पदकांच्या यादीबाहेरची मुले

बहुतेक मराठी शाळांच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन-तीनदा 'शा. शि.' ही अक्षरे आढळतात. शारीरिक शिक्षणाच्या या तासाचे आयुष्य त्याच्या नावाइतकेच आखूड असते. गणिताचा भाग मागे राहिला, की हा तास गणिताकडे जातो. पाऊस आला, की तो वर्गातच गोंगाटात संपतो. परीक्षा जवळ आली, की त्याची आठवणही कोणाला राहत नाही. आणि दहावीच्या वर्गात तर तो बहुधा कागदावरच उरतो. गंमत अशी, की वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात या विषयाची श्रेणी मात्र प्रत्येक मुलाच्या नावापुढे व्यवस्थित नोंदलेली असते. जो विषय शिकवलाच गेला नाही, त्यात सारा वर्ग उत्तम ठरावा, हा चमत्कार इतर कोणत्याही विषयाच्या बाबतीत घडला असता, तर पालकसभेत केवढा गदारोळ माजला असता! येथे तो माजत नाही. कारण मुलांचे धावणे-खेळणे हा शिक्षणाचा भाग आहे, असे शाळेला, शासनाला आणि पालकांनाही मनापासून वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे तरी अंगाला घाम फुटेल आणि श्वास वाढेल, अशी हालचाल केली पाहिजे. ही अपेक्षा काही अवास्तव म्हणता येणार नाही. तरीही या संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४६ देशांच्या पाहणीत असे दिसून आले, की ११ ते १७ वर्षे वयाची शेकडा ८१ मुले ही किमान मर्यादाही गाठत नाहीत. भारतातील मुलग्यांत हे प्रमाण शेकडा ७२ आढळले. म्हणजे जगाच्या मानाने आपली स्थिती किंचित बरी, असे समाधान कोणी मानू पाहील, तर त्याने त्या पाहणीतील पुढचे विवेचन अवश्य वाचावे. भारत आणि बांगलादेश येथील मुलगे तुलनेने अधिक हालचाल करतात, त्याचे संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी क्रिकेटचे वेड सांगितले आहे. या दोन देशांतील मुलींचे आकडेही इतर देशांतील मुलींपेक्षा बरे आहेत. मात्र त्याचे संभाव्य कारण आहे घरकाम!

हा तपशील क्षणभर थांबून विचार करावा असा आहे. मुलगा मैदानावर धावतो म्हणून तो 'सक्रिय' आणि मुलगी केर काढते, पाण्याच्या घागरी वाहते, धुणीभांडी करते म्हणून तीही 'सक्रिय'. आकडेवारीच्या रकान्यात दोघांची बेरीज एकत्र होते. शरीराच्या दृष्टीने कष्ट हे कष्टच, असे कोणी म्हणेल. परंतु खेळात जी मोकळीक असते, बरोबरीच्या सोबत्यांचा जो सहवास असतो, हरण्या-जिंकण्यातून जो धीटपणा येतो, त्यातले काहीही घागरीतून मिळत नाही. शिवाय हे कष्ट ज्या शरीराला पडतात, त्याची अवस्था काय आहे? केंद्र शासनाच्या २०१६ ते २०१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शेकडा ४० रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण शेकडा १८ होते. अशी मुलगी मैदानाच्या कडेला बसून राहिली, तर तिला आळशी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सहावी-सातवीपर्यंत मुलग्यांच्या बरोबरीने लंगडी-खो-खो खेळणारी ही मुलगी आठवी-नववीत मैदानावरून नाहीशी होते, हे कोणत्याही शाळेच्या दारात उभे राहणाऱ्याला दिसू शकते. तिने जाहीर निवृत्ती घेतलेली नसते. शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह नसते, मासिक पाळीच्या दिवसांत सांगायचे कोणाला हा संकोच असतो, शिक्षिका नसते, गणवेश धावण्याजोगा नसतो आणि संध्याकाळी उशीर झाला, तर घरी उत्तरे द्यावी लागतात. यांतले एकेक कारण किरकोळ वाटते; सर्व मिळून मात्र एका पिढीचे खेळणे बंद पाडतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषक खो-खो स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या विजयाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होते. पण ज्या राज्याने हे कर्णधार दिले, त्या राज्यातील साध्या नववीच्या वर्गातील किती मुली त्या आठवड्यात एकदा तरी धावल्या असतील?

प्रश्नाचे मूळ येथेच आहे. आपली शालेय क्रीडाव्यवस्था ही निवडीची व्यवस्था आहे, सवयीची नव्हे. शाळेतून बारा जणांचा संघ निवडायचा, तो तालुक्याला पाठवायचा, तेथून जिल्हा, विभाग, राज्य अशी चाळण लावत जायची आणि शेवटी उरलेल्यांचा सत्कार करायचा. स्पर्धांत चमकणाऱ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस राज्य क्रीडादिन म्हणून पाळण्याचे शासनाने ठरविले. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राला २०२४ पर्यंत, म्हणजे स्वप्निल कुसाळे यांच्या पॅरिसमधील नेमबाजीपर्यंत, ७२ वर्षे वाट पाहावी लागली. या गौरवांत वावगे काहीच नाही. मात्र चाळणीतून खाली पडलेल्या उरलेल्या शेकडो मुलांसाठी या व्यवस्थेत टाळ्या वाजविण्यापलीकडे कोणती भूमिका ठेवली आहे, हे शोधूनही सापडत नाही. स्थूल मुलगा, दम लागणारी मुलगी, चष्मा सांभाळत पळणारा, पायात अधू असलेला, यांना शाळा दहाव्या वर्षीच सांगून टाकते, की खेळ हा तुमचा प्रांत नव्हे. आणि व्यायामाची सर्वाधिक गरज नेमकी यांनाच असते.

वास्तविक व्यायाम हा निवडक मल्लांचा नव्हे तर सर्वांचा दिनक्रम असावा, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविले. त्यावर ग्रंथ लिहिले. स्त्रियांनी आणि मुलींनीही ते घालावेत, असा आग्रह धरला. त्यात स्पर्धा नव्हती, पदक नव्हते, साधन म्हणून सतरंजीएवढी जागा पुरे होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मधली. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. गावोगावच्या मारुतीच्या देवळामागील तालमी तर कितीतरी जुन्या. अर्थात या परंपरेचे गोडवे गाताना तिचे उणेपणही झाकू नये. तालमीची माती बहुतेक ठिकाणी मुलग्यांसाठीच होती, आणि गावातल्या सर्वच मुलग्यांना तेथे सारखाच प्रवेश होता असेही नाही. आज त्या तालमींच्या जागी ज्या व्यायामशाळा उभ्या आहेत, त्यांतील पुष्कळशा आरशांसमोर दंड फुगविण्यासाठी आहेत; आठवीतल्या मुलाला तेथे काही काम नाही.

कायद्याचा विचार केला, तर मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण असलेच पाहिजे, असे परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या १०० हून अधिक असेल, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक नेमावा असे आहे. पण तो अर्धवेळ! पहिली ते पाचवीसाठी तेवढाही नाही. ज्या वयात सवय लागते, त्या वयासाठी कायद्याने शिक्षकच ठरवून दिलेला नाही. क्रीडांगणाची कथा याहून उद्बोधक आहे. हरियाणातील भगवानपूर गावच्या शाळेच्या जागेवर झालेली अतिक्रमणे पैसे भरून नियमित करून घेण्याची मुभा तेथील उच्च न्यायालयाने दिली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि क्रीडांगणावाचून शाळा असू शकत नाही, असे बजावले. महाराष्ट्रात नवी मुंबईतील घणसोली येथे क्रीडा संकुलासाठी राखून ठेवलेल्या २० एकरांपैकी काही जागा बांधकाम व्यावसायिकाकडे गेली आणि शासनाने ते संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे हलविण्याचे ठरविले. म्हणजे घणसोलीच्या मुलाने खेळण्यासाठी शंभरावर किलोमीटर प्रवास करावा! मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा निर्णय रद्दबातल ठरविला. मैदान वाचविण्यासाठी दरवेळी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, यावरून नगररचनेच्या हिशेबात मुलांची किंमत काय आहे ते कळते.

आहाराच्या बाबतीतही आदेशांची वाण नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेये आदी पदार्थांना बंदी केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास मनाई केली. पण फाटकाबाहेरची गाडी तेथेच उभी असते आणि मुलाच्या हातात दहाची नोट देणारे आईवडीलच असतात. उलट सकस अन्नाच्या बाबतीत शासनाचा हात लगेच आखडतो: शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे देण्यास सुरुवात झाली आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला.

या साऱ्याचे खापर मोबाइलवर फोडणे आता सर्वांनाच सोयीचे झाले आहे. मोबाइलचे व्यसन खोटे नाही. परंतु सोसायटीच्या आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावायची, रस्ता वाहनांना द्यायचा, शाळा सुटताच शिकवणीला पिटाळायचे, आणि मग मुलगा पडद्यात डोके खुपसून बसतो म्हणून हळहळायचे, यात प्रामाणिकपणा नाही. मुले रात्री उशिरा झोपतात म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने २०२४ मध्ये काढला. झोपेचे महत्त्व मान्य करून तो योग्यच म्हणावा लागेल. पण मुलाने रात्री लवकर झोपावे, तर दिवसा त्याचे अंग थकले पाहिजे, हा साधा संबंध त्या आदेशात कोठेच जोडलेला दिसला नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ मध्ये नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास सक्तीचा केला. त्याची अंमलबजावणी शाळागणिक कमीजास्त होणार, हे उघड आहे. तरी निदान तत्त्व म्हणून 'रोज' हा शब्द तेथे आला. राज्य मंडळाच्या शाळांना तो स्वीकारण्यास हरकत नसावी. त्या तासाचे मूल्यमापन मात्र कोण किती वेगाने धावले यावर न करता, प्रत्येक मूल जूनमध्ये कोठे होते आणि मार्चमध्ये कोठे आले, यावर करावे लागेल. त्यासाठी वर्गातल्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारा पूर्णवेळ शिक्षक लागतो, आणि निम्म्या शाळांत तरी ती शिक्षिका असावी लागते. एवढा खर्च करण्याची तयारी नसेल, तर बिनखर्चाची एक गोष्ट नगरपालिका आणि जिल्हा परिषदा उद्यापासून करू शकतात. त्यांच्या ज्या शाळांना मैदान आहे, तेथील फाटक शाळा सुटताच बंद होते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ती जागा रिकामी पडून राहते. बाहेर त्याच वस्तीतील मुले रिक्षा आणि दुचाकींच्या मधून चेंडू काढीत असतात. ते फाटक संध्याकाळी दोन तास उघडे ठेवायचे, आणि त्यांपैकी एक तास मुलींसाठी राखून ठेवायचा. पहारेकरी आहे, कुलूप आहे; किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे.