सोसायटीचं सांडपाणी, शेतकऱ्याचं खाचर

शेतकरी राब भाजून धूर करतो, युरिया ओततो, बांध राखत नाही: शहराकडून खेड्याकडे येणारी ही तक्रार आता पुरे झाली. दादरा-नगर हवेलीतल्या सामरवरणीत जमीन कशी राखली जाते, हे शेतकऱ्याइतकंच त्याचा शेजार ठरवतो.

दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २००१ साली २,२०,४९० होती, २०११ साली ३,४३,७०९ झाली. २०११च्याच जनगणनेत सामरवरणी, मसाट, रखोली, नरोली आणि दादरा यांची नोंद शहरं म्हणून झाली. कारखान्यांमागून चाळी आल्या, चाळींमागून सोसायट्या. गटारं आणि कचऱ्याची सोय मात्र मागेच राहिली.

भाताच्या खाचरांत पाणी वरून खाली, एका बांधावरून दुसऱ्या बांधाकडे उतरतं. मध्येच इमारतीसाठी भराव पडला की वरचं शेत तुंबतं आणि खालचं सुकतं. मग दरवर्षी चिखल चढवून बांध घालायचा तो कशासाठी? वाट चुकलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, तर आवणीला, म्हणजे भातलावणीला, उतरणाऱ्या बायांना त्याच घाणीत दिवसभर वाकून उभं राहावं लागतं. राबाचंही तेच. पालापाचोळा, गवत आणि शेण भाजून तिथे रोप टाकायची ही जुनी रीत. पाचोळ्यात वाऱ्याने आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असतील तर विषारी धूर निघणारच. त्या पिशव्या शेतकऱ्याने आणलेल्या नाहीत.

शिवाय जमिनीचा भाव. शेणखताचा गुण मातीत मुरायला काही वर्षं लागतात. पुढच्या वर्षी शेजारी प्लॉट पडणार हे दिसत असताना माणूस युरियाची गोणीच उचलतो.

वसईत शेजार वेगळा वागला. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती बेसुमार बांधकामाविरुद्ध आणि टँकरसाठी होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध लढली. वाडीवाल्यांसोबत नोकरदारही रस्त्यावर उतरले. सगळी वसई वाचली नाही, हे खरं. पण भाजी-केळीच्या वाड्या तिथे आजही आहेत.

सामरवरणीतल्या सोसायट्यांनी ओला कचरा वेगळा करावा; २०१६च्या घनकचरा नियमांनीच ते बंधनकारक केलं. त्याचं खत लगतच्या शेतात जावं, आणि तिथला भात, नागली, भाजी रोखीने त्यांच्या स्वयंपाकघरात यावी. बांधकामाला परवानगी देणाऱ्यांनी आधी पाण्याची जुनी वाट नकाशावर दाखवायला लावावी, आणि ती बुजवणाऱ्याची परवानगी रद्द करावी. भरावाखाली बुजलेल्या मोऱ्या जूनचा पाऊस येण्याआधी मोकळ्या झाल्या पाहिजेत, आणि त्याचा खर्च भराव घालणाऱ्यांकडून वसूल झाला पाहिजे.