उपलब्धतेनुसार

शनिवारची सकाळ, पुढ्यात पोहे, हातात चहा, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पलीकडे अत्यंत गोड आवाज. "सर, तुमच्या हॉलिडे मेंबरशिपला गिऱ्हाईक मिळालंय. साडेचार लाख द्यायला तयार आहे. तुम्ही फक्त ट्रान्सफरचे आणि जीएसटीचे मिळून अठ्ठावीस हजार भरा, बाकीचं आम्ही बघतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. साडेचार लाख! मग ट्यूब पेटली. ज्याला साडेचार लाख द्यायचेत तो अठ्ठावीस हजार त्यातूनच का नाही कापून घेत? तसं विचारल्यावर फोन कट.

हा धंदा जुनाच आहे. पण त्यांना माझा नंबर कुठून मिळाला, यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त टोचली. माझ्यासारखे सुटकेसाठी अठ्ठावीस हजार भरायला तयार होणारे लोक इतके आहेत, की त्यावर कोणाचं तरी दुकान चालतं. त्यातच परवा टीममधला एक नुकतं लग्न झालेला पोरगा म्हणाला, "रविवारी आम्ही दोघं एका प्रेझेंटेशनला जातोय. घ्यायचं वगैरे काही नाही, फुकट गिफ्ट आहे म्हणून." मी आणि बायकोही २०११ साली अगदी हेच म्हणालो होतो. म्हणून हा लेख.

तर झालं असं. मॉलमधे एक कुपन भरलं होतं. चार दिवसांनी फोन, "अभिनंदन! लकी ड्रॉमधे तुमचा नंबर लागलाय." अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं. (एकटा आलेला माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून सटकतो, म्हणून ही अट. हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.) हॉटेलचा हॉल, फुगे, मोठ्याने गाणी, आणि कुठल्याही टेबलावर सही झाली की सगळ्यांच्या टाळ्या. आमच्या टेबलावरचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याने कागदावर मांडलं, "सर, चांगल्या हॉटेलची खोली आज पाच हजार. दरवर्षी दहा टक्के वाढ धरा. पंचविसाव्या वर्षी किती?" मी मोबाइलवर हिशोब केला. एका रात्रीला जवळजवळ पन्नास हजार! गणित बरोबर होतं. मीच केलं होतं ना.

दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढणाऱ्या मला त्या कागदावरचा बग मात्र दिसला नाही. महागाई हॉटेलच्या कॉलममधे होती, वार्षिक मेंटेनन्सच्या कॉलममधे नव्हतीच. तिथे पंचवीस वर्षं तोच आकडा धरलेला.

पण खरं सांगायचं तर आम्ही गणितासाठी सही केली नाही. बाबा त्याच वर्षी रिटायर झाले होते. आयुष्यभर एलटीसी घेऊन काकांकडे नाहीतर आत्याकडे जाणारा माणूस. बायको म्हणाली, "अरे, दरवर्षी आई-बाबांना कुठेतरी नेऊ. या निमित्ताने होईल तरी." तेव्हा आमची मुलगी दीड वर्षाची होती. तीन लाख रुपये, छत्तीस हप्ते, पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री. दिवाळी-नाताळ-मे महिना चालणारा सीझन फारच महाग होता, म्हणून आम्ही त्याखालचा घेतला. खोली स्टुडिओ. झाली सही. वाजल्या टाळ्या.

आता यात कुठे काय चुकलं ते सांगतो.

पहिली चूक सीझनची. दीड वर्षाच्या मुलीला शाळा नसते! आम्ही आमच्या त्या वेळच्या आयुष्याला बेतून पंचवीस वर्षांचा करार केला. चार वर्षांनी शाळा सुरू झाली आणि आमच्या सीझनचे सगळे आठवडे नेमके चाचणी परीक्षेत, सहामाहीत, नाहीतर धो-धो पावसात. वरचा सीझन हवा? मग आणखी पैसे भरा. हे 'अपग्रेड' विकायला रिसॉर्टवर सुट्टीच्या दुसऱ्याच सकाळी 'मेंबर मीट' असते. नाश्त्याच्या टेबलावरून उचलून नेतात.

दुसरी चूक स्टुडिओची. त्यात दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं. आई-बाबांना न्यायचं म्हणजे दुसरी खोली, ती मिळाली तर, आणि वेगळे पैसे देऊन. ज्यांच्यासाठी घेतलं त्यांनाच त्यात जागा नव्हती. हे करारात स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं, तो दोष माझा.

तिसरी गोष्ट मात्र माझी चूक नाही, आणि तीच मुख्य आहे. खोली मिळत नाही. बुकिंगची खिडकी उघडते त्या मिनिटाला लॉगिन केलं तरी हवी ती ठिकाणं 'उपलब्ध नाहीत'. पूर्वी वाटायचं, आपल्याशी काहीतरी लबाडी होतेय. मग एका रविवारी कागद घेऊन बसलो. समजा, रिसॉर्टमधे शंभर खोल्या आहेत. बावन्न आठवडे म्हणजे ५,२०० खोली-आठवडे. कंपनी अगदी प्रामाणिक आहे आणि तिने मोजून ५,२०० च मेंबर केलेत. आता यातल्या किती जणांना दिवाळी, नाताळ किंवा मे महिना हवाय? शाळेत मुलं असलेल्या सगळ्यांना! असे आठवडे वर्षाला फार तर दहा, म्हणजे हजार खोल्या. उरलेले ४,२०० कुठे जाणार? लबाडी नसतानाही हे गणित जुळत नाही. सीझनचे रंग पाडून ही रांग थोडी लांब ढकलता येते, मोडता येत नाही.

आणि एवढं कळून मी शहाणा होत होतो तोच एक प्रकार घडला. २०१७ च्या डिसेंबरमधे बाबांना मुन्नारला न्यायचं ठरवलं. वरच्या सीझनचा फरक भरायची तयारी ठेवली. मेंबरसाठी जागा नाही. हरकत नाही. सहज म्हणून हॉटेल बुकिंगच्या एका साइटवर बघितलं, तर तेच रिसॉर्ट, त्याच तारखा, खोल्या आहेत! रोख मोजा आणि या. कस्टमर केअरला विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सर, ती इन्व्हेंटरी वेगळी." म्हणजे सहा वर्षं आगाऊ पैसे भरलेला माणूस बाहेर, आणि काल रात्री मोबाइलवर बुक करणारा आत. बाबा म्हणाले, "माझं सोड रे, तुम्ही जाऊन या." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप केला.

अदलाबदलीचं प्रकरण तर आणखी न्यारं. मूळ कल्पना खरोखर सुंदर आहे. युरोपात साठच्या दशकात हे सुरू झालं. स्वित्झर्लंडची हापिमाग ही कंपनी १९६३ सालची. १९७४ मधे जॉन आणि क्रिस्टेल डीहान या जोडप्याने अमेरिकेत आरसीआय काढली. तुमचा आठवडा तुम्ही मला द्या, माझा मी तुम्हाला देतो, आणि दोघंही जग बघू. आपल्या बार्टरचाच प्रकार. पण बार्टरमधे एक अडचण असते, तुमच्या पोत्यात काय आहे त्यावर समोरचा काय देणार ते ठरतं. माझ्या पोत्यात काय? पावसाळ्यातला एक आठवडा आणि एक स्टुडिओ. मी ज्या योजनेत होतो तिथे आधी आपला आठवडा 'डिपॉझिट' करायचा, मग शोधायचं, सापडलं तर वर एक्सचेंज फी. मला सापडायचं ते सहामाही परीक्षेत. डिपॉझिट केलेला आठवडा दोन वर्षांनी बाद झाला. त्या दोन वर्षांचा मेंटेनन्स अर्थातच बाद झाला नाही.

तर मुद्दा असा. आम्ही सॉफ्टवेअरवाले क्लायंटला एसएलए लिहून देतो. सिस्टिम इतका वेळ चालेल, नाही चालली तर इतका दंड. इथे उलटं आहे. माझ्या बाजूची प्रत्येक गोष्ट पक्की आहे. हप्ता या तारखेला, मेंटेनन्स त्या तारखेला, उशीर झाला तर व्याज, थकवला तर बुकिंग बंद. त्यांच्या बाजूच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच शब्द, 'उपलब्धतेनुसार'. मला वाटलं होतं मी खोली विकत घेतोय. मी घेतली होती रांगेत उभं राहायची परवानगी. तीही भाडं भरून.

पंधरा वर्षांचा हिशोब सांगतो. मूळ तीन लाख. मेंटेनन्स सुरुवातीला नऊ हजार होता, आता एकवीस हजार. आजवर एकूण साधारण दोन लाख दहा हजार. १०५ रात्रींपैकी आम्ही वापरल्या ३८. अजून दहा वर्षं शिल्लक आहेत म्हणून मूळ किमतीतले फक्त १ लाख ८० हजार धरू. तरी एका रात्रीला दहा हजारांच्या वर जातात, हप्त्यांचं व्याज आणि जेवणखाण सोडून. तेच तीन लाख २०११ मधे एफडीत ठेवले असते तर... जाऊ दे, पोहे पचायचे नाहीत.

आता दुसरी बाजू. ज्या ३८ रात्री मिळाल्या त्या चांगल्या गेल्या. खोल्या स्वच्छ, माणसं अदबीची, मुलगी पोहायला तिथेच शिकली. आणि ज्यांना हे लाभतं असे लोकही मी पाहिलेत. माझे एक माजी मॅनेजर रिटायर झालेत. जुलैत कूर्ग, फेब्रुवारीत कुठेतरी, सोमवारी निघतात. त्यांना रांगच लागत नाही. त्यामुळे टाइमशेअर म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. ते फुरसत असलेल्या माणसाचं प्रॉडक्ट आहे, आणि विकतात मात्र वर्षाला मोजून अठरा रजा असलेल्या माणसाला.

मग करायचं काय? मला दोन गोष्टी कायद्याने हव्या आहेत. एक, सही केल्यावर विचार बदलायची मुदत. युरोपियन युनियनने २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरसाठी चौदा दिवस दिलेत, आणि त्या काळात विक्रेत्याला ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे विमा पॉलिसी परत करायला २०२४ पासून तीस दिवस मिळतात. पंचवीस वर्षांच्या सुट्टीच्या करारात मात्र कंपनी स्वतःहून देईल तेवढेच. दोन, कराराच्या पहिल्या पानावर एकच आकडा छापा. गेल्या वर्षी मेंबरांनी किती बुकिंग मागितली आणि त्यातली किती मिळाली. हा आकडा कंपनीच्या डेटाबेसमधे आहेच, क्वेरी मी फुकट लिहून देतो.

तोवर, जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. प्रत्येक नाकारलेल्या बुकिंगचा स्क्रीनशॉट आणि ईमेल ठेवा, फोनवर बोलून सोडून देऊ नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायला नको. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. माझी २०१७ ची भांडणं मी अशीच घालवली. आणि 'गिऱ्हाईक मिळालंय' म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

गेल्या मे महिन्यात गुहागरजवळच्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी फोन केला. काकू म्हणाल्या, "मे मधे एक दिवस पण नाही हो रिकामा. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, पाऊस नसला तर नशीब." गेलो. सहाही जण, म्हणजे आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि आई-बाबा. तळमजल्याच्या दोन खोल्या, तीन रात्री, कुठेही जिना नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच. बाबा पडवीत खुर्ची टाकून तीन तास समुद्राकडे बघत बसले होते. निघताना म्हणाले, "हे आधी का नाही रे केलं आपण?"

काय सांगणार? म्हटलं, जागा नव्हती.

असो. टीममधल्या पोराला हा लेख पाठवतोय. रविवारी जाणारच असलास तर चेकबुक आणि क्रेडिट कार्ड घरी ठेवून जा. आणि त्या गिफ्ट व्हाउचरची मागची बाजू नीट वाच, तिथेही तोच शब्द असेल.