सद्भावनेचे पाहुणे

२० ऑगस्ट उजाडला की महाविद्यालयांना आमची आठवण होते. सद्भावना दिवस! मुलांना सभागृहात उभे करून प्रतिज्ञा वदवून घेतली जाते. व्यासपीठावर एखादा मुस्लिम वक्ता हवा, म्हणून आमच्यापैकी कुणाला तरी निमंत्रण येते. शाल, श्रीफळ, संत आणि सूफी यांच्यावर अर्धा तास भाषण, मग चहा. नोव्हेंबरात कौमी एकता सप्ताह, पुन्हा तेच. ईदला शिरखुर्म्याच्या वाट्या आणि फोटो. एरवी वर्षभर आम्हाला कुणी विचारत नाही आणि आम्हीही कुणाला काही विचारत नाही.

हा पाहुणचार आता पुरे, असे आम्हाला स्पष्ट म्हणायचे आहे. पाहुण्याचा मान राखला जातो, पण घरच्या कारभारात त्याचा शब्द चालत नाही. आमची मुलेमुली महाविद्यालयात फी भरून शिकतात, गुणवत्तेवर प्रवेश घेतात. ती तिथे पाहुणी कशी?

शांतता भाषणांनी टिकत नाही, याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. भिवंडीत १९७० साली दंगल झाली, १९८४ साली पुन्हा झाली. पुढे तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे त्यांत होती आणि ती नियमित भेटत होती. गटाराचा, भांडणाचा, मिरवणुकीचा प्रश्न एकत्र बसून सोडवत होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा शहरांचा अभ्यास करून २००२ साली जे पुस्तक लिहिले, त्याचाही निष्कर्ष हाच आहे. खेड्यात रोजचा घरोबा पुरतो, शहरात तो पुरत नाही. तिथे संघटना, मंडळे, युनियन यांत दोन्ही समाज एकत्र बांधलेले असावे लागतात. तरच अफवा पेट घेण्याआधी विझवता येते.

मग महाविद्यालयात अशी बांधणी कुठे आहे? थेट विद्यार्थी निवडणुका महाराष्ट्रात १९९४ साली बंद झाल्या. कारण हिंसाचाराचे होते आणि ते खोटे नव्हते. पण त्यामुळे मुलांची एक अख्खी पिढी समोरासमोर वाद घालण्याची, मते मागण्याची, हरल्यावर हस्तांदोलन करण्याची सवय न लागताच बाहेर पडली. आता वाद मोबाइलवर होतात, तेही आपापल्या गटात. तिथे विरोधी बोलणारा कुणी नसतोच.

राष्ट्रीय सेवा योजना मात्र १९६९ पासून चालू आहे. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात मुले एका गावात राहतात, एका पंगतीत जेवतात, बांध घालतात, रस्ता दुरुस्त करतात. ओळख खरी होते ती अशा ठिकाणी. आमच्या किती मुली या शिबिराला जातात? हा प्रश्न प्राचार्यांना विचारण्याआधी आम्ही आमच्या घरात विचारला पाहिजे.

घरातले उत्तर आम्हाला पाठ आहे. 'जमाना वाईट आहे. शिकावं आणि सरळ घरी यावं.' भीती खरी आहे, तिची चेष्टा आम्ही करणार नाही. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात फेसबुकवरच्या मजकुराचे निमित्त करून जमावाने सोलापूरच्या एका तरुण अभियंत्याला ठार मारले. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण यातून 'सरळ घरी या' हा धडा कसा निघतो? सरळ घरी येणाराही मारला जातो, एवढेच त्यातून कळते. तो आपला आहे, हे ओळखणारी माणसे आजूबाजूला नसतील तर घराची कडी कितीशी पुरणार?

अशी माणसे सामायिक दुःखातूनही मिळतात. पायल तडवी ही जळगावकडची तडवी भिल्ल, धर्माने मुसलमान. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेताना मे २०१९ मध्ये तिने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी त्याच वर्षी एकत्र सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्धचे नियम पाळले जावेत, ही त्यांची मागणी होती. एक मुसलमान आदिवासी आई, एक दलित आई. त्यांना कुणी प्रतिज्ञा वदवून घेतली नव्हती. आंतरधर्मीय सहकार्य म्हणतात ते हे.

मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ साली बंद झाली. तिचे लाभार्थी मुसलमान होते, तसे बौद्ध, ख्रिस्ती, शीख, जैन, पारशी संशोधकही होते. नुकसान सर्वांचे झाले, तर अर्जावर सर्वांच्या सह्या असायला हव्यात. २०२४ साली चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या गणवेश-नियमाविरुद्ध हिजाब घालणाऱ्या नऊ मुली न्यायालयात गेल्या. तो प्रश्न फक्त त्या नऊ जणींचा मानला जात असेल तर सद्भावना दिवसाची प्रतिज्ञा वाया गेली. आणि उद्या वर्गातल्या बौद्ध मुलाची शिष्यवृत्ती अडली, हिंदू मुलीला रात्री वसतिगृहाबाहेर त्रास झाला, तर तो प्रश्न आमच्या मुलांचाही मानला गेला पाहिजे. तिथे आम्ही गप्प बसलो तर आमच्यासाठी कुणी बोलावे, अशी अपेक्षा करण्याचा हक्क आम्हाला उरत नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक महाविद्यालयात सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींचा एक गट करा. प्राचार्यांच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. दर पंधरा दिवसांनी भेटा. शिष्यवृत्तीचे अर्ज एकत्र भरा, कँटीनपासून वसतिगृहापर्यंतच्या तक्रारी एकत्र मांडा. मोबाइलवर भडक मजकूर आला तर पुढे पाठवण्याआधी त्या गटातल्या दुसऱ्या धर्माच्या मित्राला फोन करा. मतभेद लपवू नका, समोर बसून भांडा.

आणि पालकांना विनंती की जूनमध्ये प्रवेशाचा फॉर्म भरताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या रकान्यापुढेही खूण करा. मुलाची करा, मुलीचीही करा.