मूळपेशींचा बाजार

आपणांस रोग बरा करता येत नाही, असे रोग्यास स्पष्ट सांगण्यात वैद्याची मुळीच अप्रतिष्ठा नाही. बरा न होणारा रोग बरा करतो म्हणून पैसे घेण्यात मात्र ती खचित आहे. इतकी उघड गोष्ट लिहावी लागते, याचेच आम्हांस वाईट वाटते. परंतु नांदेड-लातूरकडील सुशिक्षित कुटुंबांत कोणास कंपवात जडला की, 'मुंबईस मूळपेशींचे इंजेक्शन देतात, एकदा नेऊन पाहा', असा सल्ला देणारा शहाणा कोठून तरी निघतोच. आणि मग शेत गहाण टाकण्याची भाषा सुरू होते.

या दवाखान्यांची सारी पत उसनवारीची आहे. कंपवातात मेंदूच्या एका लहानशा भागातील, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. त्यांच्या जागी नव्या पेशी लावाव्यात, हा विचार शास्त्रशुद्ध आहे आणि त्यासाठी खरे शास्त्रज्ञ खपतही आहेत. स्वीडनमध्ये 1987 साली भ्रूणाच्या मेंदूतील पेशी रोग्यांच्या मेंदूत प्रथम बसविण्यात आल्या. पुढे अमेरिकेत चाळीस रोग्यांवर चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांच्या कवटीस केवळ छिद्रे पाडली, आत काहीच घातले नाही. 2001 साली निकाल आला, तो असा की, वृद्ध रोग्यांस लाभ दिसला नाही आणि पेशी मिळालेल्यांपैकी काहींस पुढे अनावर हालचालींचा नवाच त्रास जडला. जपानच्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या साध्या पेशीस पुन्हा मूळपेशीचे रूप दिले, पुढच्या वर्षी मानवी पेशीसही दिले, आणि 2012 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विद्येच्या आधारे क्योटो येथे झालेल्या चाचणीचे वृत्त 2025 साली प्रसिद्ध झाले. तीत रोगी किती? अवघे सात! मुख्य प्रश्नही हा की, उपचार निर्धोक आहे किंवा नाही. शास्त्र असे पाऊल मोजून टाकते.

आमच्याकडील बाजारात काय मिळते? रोग्याच्याच हाडांच्या मगजातून किंवा चरबीतून पेशी काढावयाच्या आणि पाठीच्या कण्यात किंवा शिरेत टोचावयाच्या. क्योटोच्या पेशी प्रयोगशाळेत घडवून, कवटीतून नेमक्या जागी ठेवलेल्या होत्या. या पेशी तेथे पोहोचून डोपामिन निर्माण करतात, असे कोणी सिद्ध केलेले नाही. नाव एक, वस्तू दोन. आणि गिऱ्हाइकास पावती मात्र पहिल्या वस्तूच्या कीर्तीवर!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत निःसंदिग्ध सांगितले आहे की, रक्तासंबंधीचे ठरावीक विकार वगळता मूळपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त चाचणीतच करावा. अशा चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे मोल रोग्याकडून घ्यावयाचे नसते. म्हणजे पैसे मागितले जाताच समजावे की, येथे प्रयोग नाही, व्यापार आहे.

'बुडत्याला काडीचा आधार. तो का काढून घेता?' असे कोणी म्हणेल. परंतु काडी फुकट मिळते आणि ती बुडत्यास खाली ओढीत नाही. येथे दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. इस्राएलमधील एका मज्जारोगी मुलास मॉस्को येथे नेऊन मेंदूत परक्या पेशी टोचण्यात आल्या. पुढे त्याच्या मेंदूत व पाठीच्या कण्यात गाठी वाढलेल्या आढळल्या, आणि त्या दात्याच्याच पेशींच्या होत्या, हे 2009 साली सप्रमाण प्रसिद्ध झाले.

ज्या लातुरात वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुले रात्रंदिवस जीवशास्त्र घोकतात, तेथील घरांनी तरी दोन प्रश्न विचारण्यास शिकावे: ही चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदली आहे काय? आणि खर्च कोणाचा? रोग्यास आज खरोखर उपयोगी पडणारी वस्तू लेव्होडोपा ही आहे. खाजकुयलीच्या बियांतून ती भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी 1937 सालीच वेगळी काढून दाखविली होती. ती रोग बरा करीत नाही, लक्षणे हलकी करते. तिच्या जोडीस नियमित व्यायाम, मज्जारोगतज्ज्ञाचा सल्ला आणि घरच्यांचा धीर हवा. शेत विकावयाचे नसेल, तर हा मार्ग कमी चमत्काराचा असला तरी खरा आहे, आणि रोग्यास खरे सांगणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.