फडातले भय दाखवू नका, ऐकवा

थोड्या पैशांत भयपट काढायला निघालेल्या नवख्या मंडळींना सगळ्यात आधी राक्षस दाखवायची घाई असते. हाताशी असलेली रक्कम मुखवटा, रंगभूषा आणि संगणकावरच्या करामतींत विरून जाते, आणि पडद्यावर जे उमटते त्याला लहान पोरेही दचकत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात कुणी असा चित्रपट करायला घेतला असेल, तर त्याने मुखवट्याचा खर्च आधी खोडावा. न दिसणारे भय काय असते, हे या जिल्ह्याने सोसले आहे.

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका नरभक्षक बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने तिघांचा बळी घेतला. त्यात एक लहान मुलगी होती. वनविभागाने पथके आणली, पिंजरे लावले, नेमबाज बोलावले. अखेर १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात तो गोळीला बळी पडला. तोवर तालुक्यातल्या बहुतेकांनी तो डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तरी दिवस मावळला की वस्त्यांवरची दारे लागत आणि उसाच्या फडाकडे जायला धडधाकट माणसाचेही पाऊल उचलत नसे. जनावर एकच होते. पण ते कुठे आहे हे कळत नसल्यामुळे प्रत्येक सरीत, प्रत्येक केळीच्या बागेत ते होतेच.

हे मर्म हॉलिवूडमध्ये व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने १९४२-४३ च्या सुमारास ओळखले होते. आरकेओ कंपनीने त्याला भयपट दीड लाख डॉलरच्या आत बसवण्याची अट घातली होती. ल्यूटनसाठी झाक टूर्नर याने दिग्दर्शित केलेल्या ‘द लेपर्ड मॅन’मध्ये बिबट्याच मोकाट सुटलेला आहे. आईने पिठासाठी बाहेर पाठवलेली मुलगी अंधारातून पळत घरी येते आणि दार ठोठावते. कॅमेरा मात्र आईसोबत घरातच थांबतो. आपल्याला ऐकू येतात त्या किंकाळ्या, आणि मग दाराखालून आत येणारी रक्ताची धार दिसते. हल्ला पडद्यावर येतच नाही. ऐंशी वर्षे उलटली, तरी तो प्रसंग अंगावर काटा आणतो, कारण दारापलीकडचे चित्र प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःच रंगवावे लागते. पुढे त्या गावात आणखी खून पडतात आणि संशय बिबट्यावर जातो. खुनी मात्र माणूस निघतो.

आपल्याकडे विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने २०१७ मध्ये हीच वाट धरली. उसाच्या रानात एकाकी घर, त्यात आसऱ्याला आलेली गरोदर बाई, आणि भोवती नजर पोहोचणार नाही असा उभा ऊस. त्यात भुते दिसतात; पण जिवावर उठलेली खरी गोष्ट म्हणजे मुलगी नको म्हणणारी घराघरांतली समजूत. तिला तोंडवळा नाही, म्हणूनच ती कुठल्याही भुताहून भयंकर वाटते. पुढे फुरिया यांनीच ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत नेला. मराठी रानातले भय परक्या प्रेक्षकालाही कळते, याचा हा पुरावाच म्हणायचा.

सोलापूरच्या लेखक-दिग्दर्शकांनी इथून पुढे जावे. करमाळ्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये या भागातल्या केळीच्या बागा आणि उजनीचे पाणी प्रेमकथेला दिले. तेच रान रात्री वेगळे असते. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला वर्षातले कितीतरी महिने आडोसा मिळाला. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला जातो. पाचटाची सळसळ, पलीकडच्या वस्तीवरचे कुत्रे भुंकता भुंकता एकदम गप्प होणे, मध्येच वीज जाऊन मोटारीची घरघर थांबणे, विजेरीच्या झोतापलीकडचा काळोख. एवढ्यावर दीड तासाचा चित्रपट उभा राहतो. त्याला खर्च लागेल तो चांगल्या ध्वनिमुद्रणाचा. तिथे मात्र काटकसर करू नये.

मात्र लपवणे ही नुसती पैसे वाचवण्याची युक्ती ठरली, तर चित्रपट पोकळ होईल. शेवटपर्यंत काही दाखवायचे नसेल, तर काय लपवले आहे हे करणाऱ्याला पक्के ठाऊक हवे. या रानात अंधारात दडलेले आहे ते फक्त जनावर नव्हे. माणसाला मध्यरात्री फडात जायला कोण भाग पाडते? ऊसतोड मजुरांची लेकरे फडाच्या कडेला कोपीत का झोपतात, जिला भक्कम भिंत नाही की कडी लागेल असे दार नाही? शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी कितीतरी जुनी आहे. त्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आली. तिचे काम अजून पुरे झालेले नाही. बिबट्याला खलनायक ठरवून गोळीच्या आवाजावर पडदा पाडणारा चित्रपट हे सगळे झाकून टाकील. करमाळ्यात गेलेल्या जिवांवरही तो अन्यायच होईल.

म्हणून पडका वाडा, पांढऱ्या साडीतली बाई आणि दाराची करकर आता पुरे. ज्या भयावर प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर आल्यावर प्रश्न विचारू लागतील, ते भय इथल्या तरुणांनी पडद्यावर आणावे. रात्रपाळीला पाणी देऊन आलेल्या शेतकऱ्याने तो चित्रपट पाहून ‘हे खरे आहे’ म्हटले, तर त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.